तुझ्या नावाची चौकट

आये, तुझं एक वाक्य मी विकीच्या पानावर मोठ्या अक्षरांत चौकटीत घातलंय, आणि ते तुझं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गोल गोल फिरून बोलायला मला कधी जमलं नाही आणि तुला ऐकायलाही. विकी म्हणजे फोनमधलं पुस्तक समज. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, आणि खोडलेलंही मागं कुठंतरी तसंच राहावं, असलं पुस्तक. माझी थोरली, तू जिला मांडीवर घेऊन पानं भिजवायचीस ती, आता बेळगावात मराठी शाळेत शिकवते. तिनं निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकांवर त्यात एक पान लिहिलं. गल्लीतल्या बायकांच्या मंडळानं मागं एक पातळ पुस्तिका काढली होती, ती तिला माझ्या ट्रंकेत सापडली. त्यात तुझं नाव आहे आणि नावापुढं छापलंय, 'हात थांबला की चूल थांबती, म्हणून आमी हाताकडं बघत न्हाय.' पोरीनं ते वाक्य पानात घातलं, पुस्तिकेचा आधार खाली दिला आणि मला दाखवायला फोन पुढं केला. माझी शाळा तिसरीपर्यंत. बारीक अक्षर मला लागत नाही, आणि एवढ्या मजकुरात तू कुठं आहेस ते सापडेना. मी म्हटलं, "आजीचं जरा मोठं कर की. बोर्डावर असतंय तसं." वाक्य कुणाचं ते मला माहीत होतं. तरी म्हटलं. वाक्य चांगलं होतं आणि मला ते आवडत होतं.

"मग साचा लावायला पायजे," ती म्हणाली आणि साचा म्हणजे काय ते समजावायला लागली. मी तिला गप्प केलं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं आणि भोवती कात्री फिरवायची, यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. मापाएवढंच पान, नाहीतर विडी छाटात, म्हणजे बाद, तिची मजुरी नाही. तिकडंही तसंच आहे. आधी दोन महिरपी कंस, मग साच्याचं नाव, मग उभी रेघ, मग वाक्य, परत उभी रेघ, मग बोलणारीचं नाव, आणि शेवटी दोन कंस बंद. एवढं नीट बसलं की पानावर आपोआप चौकट उठते, वाक्य मोठं होतं आणि दोन्ही बाजूंना जाडजूड अवतरणचिन्हं येतात. पहिल्यांदा मी एकच कंस घातला.

"मम्मी, दोन. दोन कंस."

"एका कंसानं काय जीव जातोय त्याचा?"

"जीव न्हाय जात, सगळं उघडं पडतंय. बघ कसं दिसालंय. आणि एक सांगतो, चौकटीत जे घालशील ते खाली मजकुरात शब्दाला शब्द असायला पायजे. तिथलंच उचलायचं, इथं मोठं करायचं. आपल्या मनचं घालायचं न्हाय."

"मी कशाला मनचं घालू?" मी म्हटलं, आणि चांगलं ठसक्यात म्हटलं.

ती बेळगावला गेल्यावर दुपारी जेवणं आटपून मी स्वयंपाकघरात बसले आणि साचा एकटीनं लावला. जतन करायच्या आधी झलक बघायचं बटण असतं, ते दाबलं. घाईत वाक्यच घालायचं राहिलं होतं. दोन मोठी अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही, खाली तुझं नाव. मी बघतच राहिले. तू अशीच बसायचीस. सूप मांडीवर, मान खाली, सकाळपासून एक शब्द नाही. जेवायला उठवायचं असलं तर सुपाच्या कडेवर टिचकी मारायचीस. त्या चौकटीतल्या पांढऱ्या जागेत तू श्वास घेतेस असं वाटलं. मी मागं वळून बघितलं. मागं डब्यांची फळी होती. भराभर वाक्य घातलं, उघड्या अंगावर कुणी पांघरूण टाकावं तसं, आणि जतन केलं.

मग वाचायचं प्रकरण सुरू झालं. माझे डोळे दुखतात म्हणून पोरीनं फोनला मोठ्यानं वाचायची सोय करून दिली होती. त्यातली बाई शहरी आवाजाची, शाळेतल्या नव्या बाईसारखी. ती चौकट वाचते, मग तंबाखूच्या वखारी, पानं कुठून यायची, असल्या चार ओळी वाचते आणि परत तेच वाक्य म्हणते. एकदा वरचं, एकदा मजकुरातलं. तिच्या लेखी दोन्ही सारखीच. मला मात्र दुसऱ्या वेळी ते पलीकडच्या खोलीतनं आल्यासारखं वाटायचं, कुणीतरी ऐकून शब्दाला शब्द पाठ करतंय तसं. चौथ्या दिवशी मी लसूण सोलत होते. फोन बाहेरच्या खोलीत, बंद. आणि दुसरं वाक्य ऐकू आलं. पहिलं नाही, नुसतं दुसरं. आवाज त्या बाईचा नव्हता. 'बघत न्हाय' म्हणताना शेवटी दम सोडायची तुझी सवय होती, तो दमसुद्धा. मी भुताखेताला भिणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण तो लसूण मी तसाच टाकून दारात जाऊन उभी राहिले.

तुझ्या सुपाला सूप लावून बसायची ती म्हातारी अजून आहे. आता सदलग्याला लेकीकडं असते. मी मुद्दाम एस.टी.नं गेले आणि तिला फोनवरची चौकट वाचून दाखवली. मला वाटलं, ती तरी म्हणेल, हे काय गं, ती कुठं असं बोलायची! म्हातारीनं डोळे पुसले.

"व्हय गं, हेच बोलली. मी बाजूलाच बसलो हुतो की. दातात दोरा धरल्याला, तसंच बोलली."

"मावशे, ती न्हाय बोलली. मी बोललो."

"तू? तू केवढी हुतीस, गप! तुला काय आठवतंय? तिचा आवाज अजून माझ्या कानात हाय."

लेक तिची हसायला लागली, "म्हातारीला सकाळचा च्या आठवत न्हाय आणि हे बघा." मला हसू आलं नाही. दातात दोरा धरलेला मलाही दिसायला लागला होता. परत येताना गाडीत मी ती दुपार आठवायला बसले, आणि आठवणीत तुझेच ओठ हलले. तुझे, माझे नाहीत. तेव्हा खरी भीती वाटली. तू त्या दिवशी जे खरं बोललीस ते आठवणारी आता मी एकटी उरले आहे, आणि माझ्याही डोक्यात ते पुसत चाललंय.

म्हणून ते इथं लिहून ठेवते. आपण सगळ्या पोत्यावर बसलोय. मंडळाच्या पुस्तिकेसाठी वही घेऊन आलेली कॉलेजातली बाई एकेकीला विचारतेय, मनातलं एक काहीतरी सांगा. कुणी नवऱ्याचं सांगते, कुणी खोकल्याचं. तुझी पाळी आली. तू मान वर न करता म्हणालीस, "पोरगीला शाळंतनं काढली. ते चुकलं माझं." एवढंच. बाईनं लिहून घेतलं. मी अठरा वर्षांची, तुला खेटून बसलेली. मी मध्येच तोंड घातलं, "ते लिवू नगासा बाई. तिला बोलाय येत न्हाय. हे लिवा," आणि ते चुलीचं वाक्य सांगितलं. बाई खूश झाली. तुझी ओळ तिनं पेन्सिलीनं आडवी खोडली. तू एकदा माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही, आणि पुढचं पान उचललंस. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, आणि थोड्या वर्षांनी गेलीस.

मी चौकट काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघते तर ती परत जागेवर, आहे तशी, एक टिंब इकडचं तिकडं नाही. कुठल्यातरी गावच्या, कधी न बघितलेल्या माणसानं ती परत लावून शेरा मारला होता, की संदर्भ दिलेला मजकूर कारण न देता काढू नये. परत काढली, संध्याकाळपर्यंत परत आली. मग पोरीचा फोन.

"मम्मी, तू काढालीस व्हय ते?"

"व्हय."

"का गं?"

"ते आजीचं न्हवं."

"मग आजी काय बोलली हुती?"

मी सांगितलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे कुठं छापलंय का?"

"न्हाय. खोडलं त्या बाईनं."

"मग चालत न्हाय मम्मी. पुस्तिकेत जे हाय तेच आजीचं. आधार लागतोय."

"मी हाय की आधार. मी ऐकलंय."

"तू चालत न्हाईस," ती म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच जेवलीस का म्हणून विचारलं.

आज दुपारी परत बसले. कंस दोन, रेघ, आणि तुझं खरं वाक्य घातलं, रेघ, तुझं नाव, कंस दोन. झलक बघितली. पोरगीला शाळंतनं काढली, ते चुकलं माझं. चौकटीत ते किती छोटं दिसतं. फोनला वाचायला लावलं. त्या शहरी बाईनं ते एकदाच वाचलं, कारण खालच्या मजकुरात ते नाहीच, आणि मग वखारींकडं वळली. मी वाट बघत बसले. पलीकडच्या खोलीतून काही आलं नाही. आये, तू बोललीस आणि गप्प झालीस, त्या दिवसासारखीच.

जतन मात्र मी केलं नाही. आधाराचं कारण नाही, मी कधी कुणाच्या शेऱ्याला भ्यायले? त्या दिवशी मी तुला अडवलं ते तुला बोलता येत नाही म्हणून नव्हे. तुझं वाक्य छापून आलं असतं, माझ्या शाळेच्या मास्तरांनी वाचलं असतं आणि ते तुला विचारायला आले असते, म्हणून. तेव्हा ते जिवंत होते. हे वहीच्या मागल्या पानांवर लिहितेय, पोरीला दाखवणार नाही, आणि तुझ्याकडं पोचायची तर सोयच नाही, म्हणून लिहिता येतंय. तिसरीत असताना मी घरी येऊन तुला सांगितलं होतं, मास्तर म्हणाले उद्यापासून येऊ नको, पोरींनी शिकून काय करायचंय. तू शाळेची पायरी चढणारी नव्हतीस, विचारायला गेली नाहीस, दुसऱ्या दिवशी मला सोबत विड्या वळायला घेऊन गेलीस. मला गणित येत नव्हतं आणि तुमच्यात बसून गप्पा ऐकायच्या होत्या. मास्तर तसं काही म्हणालेच नव्हते.