लाल डबी आणि बांबूची चोय

गुरुजी, मी वरच्या वाडीतली, शेरडं राखणाऱ्यांची पोर. पोलादपूरच्या डोंगरातल्या तुमच्या एकखोली शाळेत मागच्या भिंतीशी बसायची. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही, पण आज नातीला शाळेसाठी कागदाची डबी करून देताना तुम्हाला सांगायचं राहिलेलं एकदम वर आलं.

पगार आणायला तुम्ही महाडला जायचात आणि येताना बाजारातून घोटीव कागद आणायचात. लाल, हिरवा, जांभळा. प्रत्येकाला एकच ताव, तोच पुन्हा पुन्हा उलगडायचा आणि दुमडायचा. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्या वाडीच्या पोरांनी डबीचे चारही कोपरे बांबूच्या चोया, म्हणजे तासलेल्या बारीक काड्या, टोचून पक्के केले. आमचं तरी काय चुकलं? घरी पानांचे द्रोण लावायचे ते चोय टोचूनच. दुमडलेलं टोचल्याशिवाय राहतं हे कुणी पाहिलं होतं! कागद टराटरा फाटले. तुम्ही डोक्याला हात लावलात आणि माझ्यावरच ओरडलात, कारण चोया मी वाटल्या होत्या. मग शेजारी बसून म्हणालात, "पान सुकलं की आकसतं, म्हणून त्याला टोचायचं. कागदाची घडी नखाने दाब आणि तिच्यावर सोडून दे. चांगल्या घडीला टोचावं लागत नाही." त्या नखाचा कर्रर आवाज मला अजून ऐकू येतो.

आमच्या बाबांना मात्र ही सगळी थेरं वाटायची. ओट्यावर उभे राहून ते तुम्हाला म्हणाले होते, "गुरुजी, कागुद दुमडाया पोर धाडू काय मी? शेरडं कोन राखंल?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तपासणीला साहेब येणार आहेत. तुम्हीही या, पोरीचं काम बघा, मग ठरवा." बाबा म्हणाले, "साहेबानं बरं म्हटलं तर ऱ्हाऊ दे. नाय तर उद्यापासनं रानात." आणि मला म्हणाले, "आयकलंस ना गो?" ऐकलं होतं.

तपासणीचा दिवस. बाबा खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभे आहेत, साहेब खुर्चीत. माझा लाल ताव घड्या घालून घालून मऊ पडलाय, एक कोपरा सारखा सुटतोय. तुमची पाठ वळते आणि मी ओच्यातली चोय काढून टोचते. तेवढ्यात साहेब डबी मागतात. ती उचलून द्यायला तुम्ही येता, तुमचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर पडतो, आणि तुमच्या डोळ्यांत सगळं कळल्याचं दिसतं. तुम्ही अंगठा काढत नाही, उलट दाबता. डबी हातातच ठेवून साहेबांपुढे धरता. साहेब गंमत म्हणून तिच्यात मूठभर खडू टाकतात. डबी धरते. "वा, घडी पक्की आहे हो!" साहेब म्हणतात. बाबा घोंगडी सावरतात आणि एकटेच डोंगर चढून जातात.

कागद लाल होता म्हणून बरं. साहेब गेल्यावर तुम्ही अंगठा धोतराला पुसलात, तो रक्ताचा डाग मी पाहिला. तुम्ही मला ना रागावलात, ना कधी विषय काढलात. दुसऱ्या दिवशी फक्त एक कोरा लाल ताव माझ्या पाटीवर ठेवलात. मीही गप्प राहिले. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले आणि पोरांना जन्मभर तुमचंच वाक्य ऐकवलं, चांगल्या घडीला टोचावं लागत नाही. तुमची फार आठवण यायची तेव्हा, आणि लाजही वाटायची.

हे पत्र कुठे पाठवणार? त्याचीच डबी केली आहे. चारही कोपरे नखाने दाबले, नीट बसलेत, सुटत नाहीत. तरी गुरुजी, खराट्याचा एक हीर मोडून मी टोचलाच. टोक तेवढं आत वळवलंय, कुणाच्या अंगठ्याला लागू नये म्हणून.