सतरावे माप आणि गव्हर्नरच्या वह्या

मी, अफशीन जहूर होडेकर, वय २९, मूळ गाव दाभोळ, सध्या मुक्काम दुक्म (ओमान), व्यवसाय इन्स्पेक्शन इंजिनिअर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. मला भीती वाटते आहे. ते दडपण समजू नये. अक्षर हलले आहे, पण माझेच आहे.

१. उद्या सकाळी सहाला मी दोन नंबरच्या बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे वाफेच्या बंद टाकीत, शिरणार आहे. तोंड सोळा इंचांचे. वाफ बंद, हवा तपासलेली, परवाना तयार. कागदावर धोका कमी आहे.

२. माझी शिल्लक शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे अम्मी खुदेजा आणि भाऊ तौहीद यांना जावी. तौहीदसाठी एक नोंद. मी सात वर्षांची असताना इथल्याच, ओमानमधल्या सूरच्या बंदरात, बांधकाम चाललेल्या जहाजाच्या पोटात त्याने मला गमतीने कोंडले आणि विसरून जेवायला गेला. रुस्ताकच्या आपल्या दुकानात बसून तो आजही ते हसत सांगतो. माझ्यामागे सांगू नये.

३. अकरा वह्या भावजय तूबाला द्याव्यात; हे वाचायची चिकाटी घरात तिच्याकडेच आहे. अमेरिकेतल्या एका राज्याचे गव्हर्नर ॲम्ब्रोज हॅलक यांच्या चरित्राचा तो मी केलेला मराठी अनुवाद आहे. मूळ पुस्तक कॉलेजच्या रद्दीत मिळाले. घेतले ते एवढ्यासाठी, की हा माणूस आधी बॉयलर इन्स्पेक्टर होता. तेविसाव्या वर्षी त्यांनी पास केलेला एका डेअरीचा बॉयलर फुटला. नऊ माणसे गेली. दोष भट्टीवाल्यावर आला, तोही त्या नवांतच होता. पुढे हॅलक वकील झाले, आमदार झाले, १९११ साली गव्हर्नर. इन्स्पेक्टरने आत शिरून स्वतः मोजल्याशिवाय सही करू नये, हा कायदा त्यांनी गिरणीमालकांशी भांडून केला आणि त्यापायी तिसरी निवडणूक हरले. १९३१ साली ते वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात एक ओळ निघाली: त्या डेअरीच्या बॉयलरमध्ये मी शिरलो नव्हतो. भट्टीवाल्याची बायको त्याच्या सहा वर्षे आधीच वारली होती.

४. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रद्द करण्यासारखी एकच गोष्ट आहे: काल या बॉयलरच्या दाखल्यावर केलेली माझी सही. पत्र्याची जाडी सतरा ठिकाणी मोजायची होती. टेक्निशियन स्वरूप आत होता, मी तोंडाशी बसून आकडे लिहीत होते. सोळावे माप ११.४ मिलिमीटर. सतरावेही ११.४. या दोन मापांमध्ये आतला, स्वरूपच्या बॅटरीचा उजेड जागचा हलला नाही. मी ते पाहिले आणि सही केली, कारण नाहीतर मला आत जावे लागले असते.

एवढे लिहून थांबले. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. बॉयलर मंगळवारी पेटणार आहे. म्हणून हे कलम इथे पुरेसे नाही. सही मागे घेतल्याचे वेगळे पत्र मी दुपारी आमचे मॅनेजर प्रताप सर यांच्या हातात दिले. ते वाचून म्हणाले, "एका आकड्यासाठी? तुझं कॉन्ट्रॅक्ट मेमध्ये संपतंय, अफशीन." मी पोच मागितली. त्यांनी दिली. प्रत सोबत जोडली आहे. सतरावे माप उद्या मी स्वतः घेणार आहे.

५. बॉयलरमध्ये मला काही झाले, तर दफन इथेच ओमानमध्ये करावे. विमानाच्या पोटातून, पेटीत बंद करून, दाभोळला नेऊ नये.

दुक्म, ९ फेब्रुवारी २०२५
अफशीन जहूर होडेकर

साक्षीदार
१. शुभदा केळुसकर, नर्स, कॅम्प दवाखाना. त्यांनी माझा रक्तदाब मोजला: १४८/९४. मी शुद्धीत असल्याचे त्यांनी लिहून दिले आहे.
२. स्वरूप धामापूरकर, टेक्निशियन. सही करण्याआधी त्याने चौथे कलम दोनदा वाचले. मग म्हणाला, "मॅडम, उद्या तुमच्या कमरेची दोरी माझ्या हातात द्या. सतराव्यापाशी फार अरुंद आहे. मला पोचता आलं नव्हतं."