दहा बोटांचा बाळ येशू

चोलुला, २४ जानेवारी

ती. रेमेदिओसताईस,

धाकट्या फाउस्तिनोचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि मोंतेरेयची थंडी, तिन्ही एव्हाना उतरणीला लागली असतील. आई ठणठणीत आहे. मोतीबिंदूमुळे तिला माणसं दिसत नाहीत, माझ्या चुका मात्र लख्ख दिसतात.

यंदा तीन राजांच्या सणाला गोड पावात दडवलेली बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली. (मी ती जिभेखाली दडवली होती, पण आईने मुद्दाम माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि तोंड उघडावं लागलं.) म्हणजे रिवाजाप्रमाणे दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, मक्याच्या पानात उकडलेल्या त्या पुड्या, खाऊ घालणं माझ्या गळ्यात, आणि घरच्या बाळ येशूच्या मूर्तीला नवा अंगरखा घालून चर्चमध्ये नेण्याचा मानही माझा. बाळाच्या मानेला चीर गेली होती, म्हणून त्याला बाजारात मार्गारितोकाकांकडे दुरुस्तीला नेलं. जानेवारीत त्यांच्याकडे गावातले सगळे बाळ येशू भरती असतात. कुणाचा हात निखळलेला, कुणाच्या पापण्या झडलेल्या. काकांनी चिठ्ठी वाचून (चष्मा त्यांच्या बायकोच्या नाकावर होता) एक बाळ कापडात गुंडाळून दिलं. घरी येऊन तू विणलेला अंगरखा घालायला घेतला, तर डोकंच आत जाईना.

"वाढलं असेल," हासिंता म्हणाली. बायको आहे, काय बोलणार! मग मी पाय बघितले. आपल्या बाळाला नऊ बोटं, डाव्या पायाची करंगळी नाही. याला दहा! धावत परत गेलो, तर दुकानाला कुलूप, काका मेहुणीच्या लग्नाला गेलेले. आणि तुला माहीत आहे, आई दर वर्षी बाळाच्या पायांवरून हात फिरवून बोटं मोजते. आपण लहानपणापासून त्याला तिची भक्ती समजत आलो. बाळ बदललंय हे कळलं तर म्हातारी अंथरूण धरेल, ही भीती. हासिंताने उपाय काढला, एक करंगळी उडवायची. मी हातोडी घेतली, पण कुणाच्या तरी घरच्या देवावर ती उगारवेना.

"फाउस्तिनो, हातोडी ठेव," मागून आई म्हणाली. "आण इकडे त्याला."

तिने बोटं मोजली. दोनदा.

"दहा आहेत," ती म्हणाली. "अंगानेही थोराड आहे. आला गं बाई!"

"कोण आला?"

"सासूबाईंनी दिलेला. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी दुरुस्तीला दिला आणि घरी आणला तो नऊ बोटांचा. त्यांना सांगितलं, पडला, करंगळी तुटली. पंचावन्न वर्षं मोजतेय रे, चुकून तरी दहा भरतील म्हणून."

मी हातोडी खाली ठेवली. ताई, मला रडू आलं, हे भावोजींना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
फाउस्तिनो

ता. क. चार बोटं मोठा अंगरखा एक तारखेच्या आत विणून पाठव. गुडघ्यांनी काही विणायचं नसतं, तेव्हा ती सबब नको.

ता. क. २. आत्ताच मार्गारितोकाका आपला नऊ बोटांचा घेऊन आले. चूक झाली म्हणाले. तो दहा बोटांचा त्यांच्या वडिलांच्या काळापासून फळीवर पडून होता, कुणी न्यायलाच आलं नाही. आईने दोघांनाही ठेवून घेतलंय. आता एकोणीस बोटं मोजत बसली आहे.