तिसरी शिट्टी

सोमवार, १७ नोव्हेंबर. तिवसा.

अंगणवाडीचं काम आटोपून चंदाच्या आईकडे गेले होते. वर्षभरापूर्वी एका मध्यस्थाने चंदाचं लग्न परराज्यात लावून दिलं. अशा मुलींची नोंद गावसमितीच्या वहीत मीच ठेवते. ‘संपर्क आहे का?’ या रकान्यात तिच्यापुढे दर महिन्याला ‘होय’ लिहिलं. कारण दर सोमवारी तिचा आवाज येतो आईच्या मोबाइलवर. "आई, मी बरी हाय. तू काळजी नोको करू." मागे कुकरच्या तीन शिट्ट्या.

आजचा मेसेज ऐकला. मग सहज गेल्या सोमवारचा. मग दिवाळीतला. प्रत्येकात तिसरी शिट्टी अर्धीच तुटते, त्याच शब्दावर. म्हणजे एकच आवाज कोणीतरी पुन्हा पुन्हा पाठवतंय. मग चंदा कुठे आहे? आणि मी इतके महिने काय लिहीत होते?

तिथेच ‘होय’ खोडलं. म्हटलं, "वहिनी, उद्या पोलीस ठाण्यात जाऊ."

तिने मोबाइल पदराखाली घेतला.

"मले माहीत हाय, ताई. कधीची शिट्ट्या मोजून राहिली मी. पण तुमी ठाण्यात गेल्या, तं हा आवाजही बंद होईन."

ती नाही आली तरी उद्या जायचंच. एकटीने.

घरी येऊन कुकर लावला. दुसरी शिट्टी झाली आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला. भात कच्चा राहिला. तसाच खाल्ला.