बांड्या बैल कोणाला द्यावा, याबाबत

मी तानबा महादेव बोरकुटे, वय ७४, धंदा शेती, राहणार वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर व नाल्याकाठचे वावर मुलगा प्रफुल व मुलगी नलू यांना निम्मे-निम्मे. नलूने हक्कसोड करून देऊ नये. भाऊ गोड बोलेल, तरी नाही.

२. माझा मोबाइल नलूला द्यावा. त्यातला गावचा ग्रुप आधी काढून टाकावा. माझ्या मरणाची बातमी त्या ग्रुपवर टाकू नये, घरोघरी जाऊन सांगावी.

३. कारण नोंदवतो. रशीद शेख हा आमचा नालबंद. कापसाची बैलबंडी डांबरी रस्त्याने हिंगणघाटला न्यायची होती, म्हणून मीच त्याला माझा बांड्या बैल नाल ठोकायला घेऊन जा म्हटले. वाटेत कोणीतरी फोटो काढला आणि ‘गोवंश चोर’ म्हणून ग्रुपवर सोडला. निवडणूक तोंडावर, त्यात प्रफुल उभा. बैल घरचा आहे हे ओळखूनही त्याने तो फोटो पुढे पाठवला. मी चौकात ओरडून सांगितले की बैल माझा आहे. लोक म्हणाले, “बुढ्याले त्यायनं धमकावलं असन.” प्रफुलला जाब विचारला तर म्हणे, “बाबा, मतं आपल्याकडं येऊन राह्यले, तुमी काऊन आडवे येता?”

तो निवडून आला. रशीदकडे मात्र कोणी बैल नेईना. आता तो हिंगणघाटला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलतो. पोटच्या पोराने हे केले याची मला लाज वाटते, आणि माझ्या शब्दाला माझ्याच गावात किंमत उरली नाही याचे दुःख त्याहून जास्त आहे.

४. बांड्या रशीदला द्यायचे मी ठरवले होते. त्याला घरी बोलावून तसे सांगितले. तो म्हणाला, “तानबाभाऊ, मले बैल नोका देऊ. कासरा धरून मी रस्त्यानं जाऊ कसा?” मग वावराचा तुकडा देऊ केला, तोही त्याने नाकारला. तेव्हा बांड्या नलूकडे जाईल. म्हातारा झाला तरी विकू नये.

५. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. रशीदला यात काहीच मिळालेले नाही. त्यामुळे त्याची सही चालते.

ठिकाण : वडनेर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४

लिहून देणार : तानबा महादेव बोरकुटे (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. प्रेमदास कोसारे, शेजारी (सही)
२. रशीद शेख, नालबंद (सही)