नावाड्याचा कोपरा

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझे दातांचे डॉक्टर तुला सुट्टी देत नाहीत हे वाचून वाईट वाटलं, पण रडगाणं पुरे. कामाचं बोलतो. आपलं नावाड्याचं पान पाठवून दे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे नीट बांधून. पान दोघांचं आहे, एक वर्ष तुझ्याकडे नि एक वर्ष माझ्याकडे, हा करार मी बारा वर्षांचा आणि तू नऊची असताना झालाय. यंदा पाळी माझी आहे, विसरल्याचं सोंग करू नकोस.

खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर येत्या २२ तारखेला चित्रांच्या पत्त्यांची स्पर्धा आहे, ज्यानं त्यानं आपली गड्डी रचून आणायची. बत्तीस जण खेळणार. मी त्रेचाळीस वर्षांचा घोडा, बाकीचे बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. गेली दोन वर्षं मी अंतिम फेरीत हरलो, दोन्ही वेळा त्या औषधवाल्याकडून. या खेपेला माझी साठ पानांची गड्डी सगळी नावाड्याच्या भरवशावर रचली आहे. तो टाकला की गेलेल्या पानांतलं एक पान परत हातात येतं. ते कुठलं असणार, हे औषधवाल्याला अजून उमगलेलं नाही.

हसू नकोस. माझा डावा कान कधीचाच गेला होता, गेल्या वर्षी उजवाही गेला. बाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईक एक सांगतं आणि मी भलतंच करून ठेवतो. मग ते ओरडून बोलतात, आणि जाताना एकमेकांकडे बघून हसतात. माळ्यावर तसं होत नाही. तिथे पान टाकलं की झालं, बोलायचं काही नसतंच. मला कुणी बावळट समजत नाही अशी ती एकच जागा उरली आहे, ठमे. तिथे एकदा तरी जिंकायचंय मला.

उत्तराची नव्हे, पानाची वाट बघणारा,
तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घ्या तुमचा नावाडी! पुठ्ठ्यांच्या मधे, वर जाड कागद, त्यावर दोरा. बाइंडरच्या घरात वाढले आहे म्हटलं, पार्सल कसं बांधायचं ते मला शिकवू नकोस.

वर्षभर तो दवाखान्यात माझ्या टेबलावरच्या काचेखाली होता. दाढ काढायला आलेली माणसं त्याची होडी बघत बसतात आणि कण्हायचं विसरतात. मागच्या महिन्यात मात्र एका आजोबांनी चूळ भरायचा पेला काचेवर उपडा केला. पण पान वाचलं हो. जसं होतं तसं आहे. उगाच भिंग लावून बघत बसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. प्लास्टिकच्या पाकिटात मीच घातलंय, आता बाहेर काढू नकोस, तसंच गड्डीत सरकव.

इथे लवंगेच्या तेलाचा वास कपड्यांतून जाता जात नाही. मला सारखी बाबांच्या पिठाच्या खळीची आठवण येते. कीड लागू नये म्हणून ते तिच्यात याच तेलाचे दोन थेंब टाकायचे, आठवतं? तू अजून टाकतोस की विकतचा गोंद वापरायला लागलास, आळशा?

त्या औषधवाल्याला एकदा चांगला धडा शिकव. जेवणाकडे लक्ष दे, रात्री डोळे फोडून शिवण करू नकोस. आणि हरलास तरी तोंड पाडून बसायचं नाही, कळलं?

तुझ्या ओरडण्याची सवय असलेली,
ठमी


२३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

जरा बसून वाच. चौघांना हरवून मी अंतिम फेरीत गेलो. समोर औषधवालाच. पहिला डाव त्याचा, दुसरा माझा, आणि नावाड्यानं काम चोख केलं. तिसऱ्या डावाआधी रिवाजाप्रमाणे त्यानं माझी गड्डी कापली. मग जरा थांबला. परत कापली. परत थांबला, आणि त्यानं हात वर केला.

पंच आले. ते शाळेत गणित शिकवतात, माणूस वाईट नाही. त्यांनी गड्डी टेबलावर ठेवून डोळा तिच्या पातळीला नेला. एका कोपऱ्यात केसाएवढी फट होती. त्यांनी सात वेळा गड्डी कापली, सातही वेळा ती नावाड्यापाशीच तुटली. न बघता पान कुठे आहे हे बोटांना कळतं, म्हणजे खूण केलेलं पान झालं. डाव तिथेच थांबला. सगळे एकदम बोलायला लागले. मला ऐकू येत नाही हे त्या दिवशी बरं वाटलं असतं, पण आता मी ओठ वाचायला शिकलोय ना. लबाड हा शब्द फार सोपा आहे वाचायला.

पंचांनी कागदावर लिहून विचारलं की हे तुम्ही केलंत का. मी लिहिलं की पान माझ्या बहिणीकडून आठ दिवसांपूर्वी आलंय, तिला विचारा. त्यांनी ते मान्य केलं. पान तुझ्याकडून निघालं तेव्हा कसं होतं, एवढंच तू सरळ त्यांच्या पत्त्यावर लिहून पाठवायचं आहे. पत्ता खाली दिलाय. बहिणीला पढवायचं नाही असं त्यांनी बजावलं आणि मी शब्द दिलाय, म्हणून जास्त काही लिहीत नाही. जे खरं आहे तेवढं लिही. माझी सगळी मदार त्यावर आहे.

बक्षीस गेलं तर गेलं. जिना चढताना मान वर ठेवता आली पाहिजे.

तुझाच,
दादा


२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मेल्यांना लाज कशी वाटत नाही! माझ्या दादाला लबाड म्हणतात? शाळेत कुणाची पेन्सिल सापडली तर वर्गभर विचारत फिरायचास तू.

पंचांना पत्र टाकलं, तेही खणखणीत. लिहिलं की पान माझ्याकडून निघालं तेव्हा अगदी नव्यासारखं कोरं होतं, कोपऱ्याला नखाएवढाही धक्का नव्हता, मी स्वतः पाकिटात घातलं, आणि हे मी शपथेवर सांगते. माझा भाऊ पानाला खूण करणाऱ्यांतला नाही, हेही लिहिलं. डॉक्टरांचा शिक्का असलेला कागद वापरला, म्हणजे जरा वजन पडेल. आता बघ कशी एकेकाची तोंडं बंद होतात ती.

तुला एक सांगायचंय, पण ते सगळं मिटल्यावर, समोरासमोर. रागावणार नाहीस असं आधी कबूल कर.

रात्री झोप लागत नाही. निकाल लागला की लगेच कळव. आणि लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर घेईन.

तुझी,
ठमी


१४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पंचांनी तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्यांना गणित येतं. तुझ्याकडून निघालं तेव्हा पान कोरं होतं. मग आठ दिवस ते माझ्याकडे होतं, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, आणि माझा धंदा कागद चिकटवण्याचा. जिन्याच्या तोंडाशी पाटी लागली आहे. खूण केलेलं पान वापरल्याबद्दल कायमची बंदी, आणि ओळख पटावी म्हणून खाली लिहिलंय, बाइंडर.

पान आलं त्याच दिवशी मला कळलं होतं, ठमे. सगळ्या पानांची पाकिटं एकसारखी लागतात, म्हणून तू नको म्हणालीस तरी बाहेर काढावं लागलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि लवंगेचा वास आला. ओला कोपरा काचेला चिकटून सोलला गेला असणार. ठिगळासाठी तू पातळ कागद कातरीनं न कापता बाबांसारखा तंतू बघून फाडलास, खळ बोटानं लावलीस. इतकं सुबक काम, मला हेवा वाटला. तेव्हाच तुला विचारायला हवं होतं. पण बाबांची शिस्त अंगात मुरलेली, केलेली दुरुस्ती बोलून दाखवायची नाही आणि दिसली तरी विचारायची नाही. तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

माझाही दोष आहेच. माझ्या अंगठ्याला जे कळलं ते गड्डी कापणाऱ्यालाही कळणार, हे मला सुचायला हवं होतं. एक दिवस पान बाजूला काढूनही ठेवलं होतं. मग तू किती जिवापाड केलं असशील ते मनात आलं, आणि परत आत घातलं.

तू मला वाचवायला खोटं लिहिलंस, हे कळतं मला. थोडं मला वाचवायला आणि थोडं पान खराब झालेलं लपवायला. त्यातलं किती कशासाठी, ते तुझं तू बघ. मी मात्र कागदावर लिहून दिलं होतं की माझ्या बहिणीला विचारा. सगळ्यांसमोर, बेधडक. एवढी खात्री मला माझ्या कानांची कधी नव्हती.

आता तू पंचांना खरं लिहायला बसशील. लिहू नकोस. भावासाठी बहीण हवं ते लिहिते, असंच म्हणतील. मी सुटणार नाही आणि तूही खोटी ठरशील. एका घरातून एक पुरे.

परवा एक गिऱ्हाईक शिवायला दिलेलं पुस्तक न्यायला आलं. माझ्यासमोर उभं राहून त्यानं एकेक पान मोजून घेतलं. तेवीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं.

नावाडी सोबत पाठवतोय. वाफेवर धरून तुझा तुकडा सोडवला, अलगद, कुठे फाटला नाही. पान एका पाकिटात आहे, तुकडा दुसऱ्या. यंदा पाळी माझी होती, पण यापुढे दर वर्षी तुझीच समज. परत चिकटवू नकोस.

लोभ आहेच. त्याचं आता काय करायचं, ते मला कळत नाही.

दादा