नानासाहेबांच्या पेवातला हंडा

कासारवाडी,
१२ जानेवारी १९५७

तीर्थरूप सोपानमामांच्या पायाशी हिंदुरावचा साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि कौशल्या हातापायांनी शाबूत आहोत (हे मुद्दाम लिहितो, कारण पत्राच्या मध्यावर तुम्हाला शंका येईल). तुमचा गुडघा या थंडीत काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्यायली असेल, तर कालवड की खोंड ते कळवावे. कौशल्या म्हणते की आधी माणसांची विचारपूस पुरी कर, मग जनावरांची. तर तुमच्या गुडघ्याबद्दल पुन्हा एकदा विचारतो.

मी इथं नक्की करतो काय, असं तुम्ही दिवाळीत चारचौघांत विचारलं होतं आणि मी ‘धंदा’ एवढंच म्हणून लाडू तोंडात घातला होता. आता सविस्तर लिहितो. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहताहेत, जमिनी जाताहेत, आणि माणसं पिढ्यांची घरं सोडून पुण्याला नाही तर मुलांकडे निघालीत. जाताना चांगलं सामान नेतात आणि उरलेलं तसंच टाकतात. मोडकी बाजली, फुटके रांजण, गंजलेले पत्रे, उंदरांनी कुरतडलेल्या गोण्या. ते सगळं काढून घर झाडून रिकामं करून देणं हा आमचा धंदा. आम्ही म्हणजे मी आणि चांदभाई. चांदभाई मूळचा चिंचवडचाच, वडिलांपासून भंगाराच्या कामात. बैलगाडी त्याची, अंगमेहनत दोघांची आणि बडबड माझी.

या चांदभाईला एक खोड आहे. त्याला घाई म्हणून ठाऊक नाही. गोणी उचलण्याआधी तिला काठीने बडवणार, नाकावर फडकं बांधणार, कपाट हलवण्याआधी त्याच्या मागं वाकून बघणार. मी त्याला ‘नवरीबाई’ म्हणायचो. पण पिंपळे सौदागरला एक माडी उतरवताना मी अनवाणी एका फळीवर पाय दिला, आणि खिळा तळव्यातून आत. बारा दिवस अंथरुणावर होतो. त्यात कौशल्या एक शब्द बोलली नाही (तुम्ही तिला ओळखता, ती बोलते ते परवडतं). तेराव्या दिवशी तिनं जुन्या बाजारातून पलटणीतले बूट आणून उंबऱ्यात ठेवले. माझ्या पायांना ते दोन बोटं मोठे आहेत. पुढं चिंध्या कोंबून घालतो, आणि चालताना आधी बूट पोचतात, मग मी.

तर मागच्या आठवड्यात आकुर्डीला नानासाहेबांचं घर रिकामं करायचं काम आलं. नानासाहेब धान्याचे जुने व्यापारी, वय सत्तरीचं, आवाज मात्र पंचविशीतला. दोन दिवसांत आम्ही ओटी, माजघर, कोठी सगळं काढलं. (कोठीतल्या एका गोणीतून काठीच्या फटक्यानं नांगी उगारलेली इंगळी बाहेर आली, तेव्हापासून मी ‘नवरीबाई’ म्हणणं बंद केलं.) तिसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेले आणि जमिनीतल्या एका फरशीवर काठी आपटून म्हणाले, ‘याच्या खाली धान्याचं पेव आहे. नऊ वर्षं उघडलेलं नाही. तळाशी माझ्या आईचा तांब्याचा हंडा आहे. तो घेतल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही.’

फरशी आम्ही पहारीनं उचलली. खालून जो वास आला तो कुजलेल्या ज्वारीचा होता, पण आंबूस, डोळ्यांत उतरणारा. तोंड एका माणसापुरतं, आत रांजणासारखं फुगलेलं, खोली दोन पुरुष. चांदभाईनं कंदील दोरीला बांधून खाली सोडला. कमरेएवढा गेला आणि विझला. वर काढला, पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तो म्हणाला, ‘हिंदुराव, आज नको. दोन दिवस तोंड उघडं ठेवू.’ मी म्हणालो की वात खराब आहे. तो म्हणाला, ‘वात चांगली आहे. खाली हवा न्हाई. माझा चाचा असाच एका पेवात गेला. त्याला काढायला त्याचा मेहुणा उतरला, तोही गेला.’

आता इथं मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. पण नानासाहेब शेजारी उभे राहून म्हणाले, ‘आमच्या वेळचे हमाल कंदील-बिंदील बघत नसत.’ मामा, कुणी असं म्हटलं की मला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी शिडी आत सोडली. चांदभाई शिडीच्या तोंडावर आडवा बसला. ‘कमरेला दोर बांधल्याशिवाय मी उठणार न्हाई,’ म्हणाला. त्याला उठवण्यासाठी म्हणून मी दोर बांधून घेतला. त्यानं गाठ तीन वेळा ओढून बघितली आणि दुसरं टोक पडवीच्या खांबाला वेढलं. मला हसू आलं होतं, हे मी कबूल करतो.

चार पायऱ्या उतरलो तेव्हा बुटांमुळे पाय नीट लागत नव्हते, एवढंच जाणवलं. सहाव्या पायरीवर कानात मधमाश्या घोंगावायला लागल्या. ओरडावं म्हणून तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. त्यापुढचं मला आठवत नाही, ते इंदुताईंकडून ऐकलेलं लिहितो. इंदुताई म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी, त्या स्वयंपाकघरात शेवटची भांडी बांधत होत्या.

मी कोसळल्याबरोबर नानासाहेब धोतर खोचून ‘मी काढतो पोराला’ म्हणत पेवाकडे धावले. (मी पस्तिशीचा आहे, पण त्या क्षणी पोर होतो.) चांदभाईनं एका हातानं दोर धरला होता आणि दुसऱ्या हातानं नानासाहेबांची कंबर. मालकाच्या अंगाला तो कधी हात लावत नाही, पण त्या दिवशी त्यानं त्यांना पडवीच्या कोपऱ्यात ढकलून दिलं आणि म्हणाला, ‘खाली कुणी जायचं न्हाई. जो जाईल तो तिथंच राहील. दोर ओढा.’ इंदुताई हातातलं पातेलं टाकून आल्या, नऊवारीचा काष्टा आवळला आणि दोराला लागल्या. त्यांच्या मागं नानासाहेब लागले. तिघांनी मला मोटेसारखा वर ओढला. तोंडाशी येऊन मी खांद्यात अडकलो. एक बूट शिडीत गुंतून निसटला, म्हणून पाय तरी सुटला.

मला शुद्ध आली तेव्हा अंगणात उताणा होतो, उन्हात. इंदुताई माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसल्या होत्या आणि चांदभाई जरा लांब भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी हाक मारली तर वळला नाही. मग लक्षात आलं की तो रडत होता. नानासाहेब माझ्या पायाशी बसून माझा अनवाणी तळवा घासत होते, इतका वेळ की कातडं निघायची वेळ आली.

दोन दिवस पेव उघडं ठेवलं. वरून सुपानं वारा घातला, रोज कंदील सोडून बघितला. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा चांदभाई दोर बांधून उतरला. काळी पडलेली ज्वारी निघाली, माझा बूट निघाला. हंडा नाही. नानासाहेबांनी स्वतः वाकून तीन वेळा विचारलं. तेव्हा इंदुताई आतून म्हणाल्या, ‘तो हंडा धाकटीच्या लग्नात दिला की. मला कुणी विचारलंच न्हाई.’

पेवात काय शोधताहेत, हे त्यांना त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. नानासाहेब पेवाच्या काठावरून उठले. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘हिंदुराव, त्या दिवशी मी हमालांबद्दल बोललो ते खरं नव्हतं. आमच्या वेळी दोघं गेले होते. मी ते कुणाला सांगत नाही.’

असो. प्रकृतीची काळजी नसावी. मला काही झालेलं नाही आणि भीती तर मुळीच वाटली नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
हिंदुराव

ता. क. — भीती वाटली नाही असं वर लिहिलं, ते कौशल्या शेजारी बसली होती म्हणून. आता ती पाण्याला गेली आहे. मामा, मला अजून झोपेत कानात मधमाश्या ऐकू येतात.

ता. क. दुसरा — आईच्या पत्रात वाचलं की तुम्ही या महिन्यात मळ्यातलं पेव उघडणार, तेरा वर्षांनी, आणि गडी मिळत नाही म्हणून स्वतःच उतरणार. हे पत्र मी त्याचसाठी लिहायला घेतलं. ‘उतरू नका’ असं सरळ लिहिलं असतं तर तुम्ही पत्र दिवळीत ठेवून दुसऱ्याच दिवशी उतरला असता, म्हणून एवढी कथा लिहिली.

ता. क. तिसरा — पुढच्या रविवारी मी आणि चांदभाई येतो. आम्ही येईपर्यंत फरशी हलवू नका. तुमचा स्वभाव चांदभाईला सांगितला आहे. तो म्हणाला, मामांना कोपऱ्यात ढकलावं लागलं तर आधीच माफी मागून ठेव. तेवढी मागतो. पत्र पोचताच कार्डावर ‘थांबलो’ एवढा एकच शब्द लिहून टाकावा. गुडघ्याचं नंतर लिहिलं तरी चालेल.